माझ्या नावानं वाढलेलं पान

मी मेले आहे हे मला तलाठ्याच्या ऑफिसात कळलं. मी त्यांच्या समोरच्याच खुर्चीवर बसले होते.

हिंगोलीत एका खाजगी लॅबमध्ये मी रक्त काढण्याचं काम करते. सतरा वर्षं एकाच घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मालकीणबाईंनी पुढच्या दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्या म्हणून सांगितलं. माझा हिंगोलीच्या बाहेर एक प्लॉट होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला, थोडा माझ्या आईनं घातलेल्या सोन्यातून, थोडा नवऱ्याच्या सोयाबीनमधून, आणि म्हणून दोघांच्या नावावर. तेव्हा तिथं नुसतं माळरान होतं, आता चारी बाजूंनी घरं झाली आहेत. तिथंच दोन खोल्या बांधाव्यात असं मनात आलं. बांधकामाच्या परवानगीसाठी ताजा सातबारा लागतो, म्हणून मी एका सोमवारी लॅबमधून लवकर सुटून गेले.

तलाठी तरुण होते, बोलायला नीट. कॉम्प्युटरवर गट नंबर टाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यातल्या बाई तर मयत आहेत. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मीच ती."

त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं. कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. दाराशी उभा असलेला कोतवाल हातातला चहा तसाच धरून माझ्याकडे बघत होता. तलाठ्यांनी कपाटातून एक फाईल काढली. त्यात माझ्या नवऱ्याचा अर्ज होता: पत्नी मयत आहे, मूलबाळ नाही, तरी तिचं नाव कमी करून प्लॉट माझ्या एकट्याच्या नावे करावा. खाली त्याची सही. तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. सोबत प्रतिज्ञापत्र, आणि माझ्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स.

"पंधरा दिवसांची नोटीस निघालीय," तलाठी म्हणाले. "सहा दिवस गेले. हरकत असेल तर लेखी द्या."

"मी जिवंत आहे, ही हरकत चालेल का?"

ते हसले नाहीत. "पुराव्यासकट द्या," म्हणाले.

मी तो दाखला तिथंच बसून वाचला. वय तीस. मृत्यूचं कारण ताप. ठिकाण, राहते घर. तारीख सोळा वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली. मी नवऱ्याचं घर सोडून तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी मी हिंगोलीतच कुठंतरी असणार. घरी आल्यावर मी माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. औषध कंपन्या लॅबला डायऱ्या देतात, त्यात रोज एक ओळ लिहायची मला सवय आहे. कोण भेटलं, काय स्वयंपाक केला, पाऊस होता की नाही, एवढंच. त्या वर्षाची डायरी सापडली. आदल्या दिवशीची ओळ होती, दुसऱ्या दिवशीचीही होती. मधलं पान कोरं होतं.

एखादा दिवस राहून जातो. तसाच तोही राहिला असेल. पण मी ती डायरी परत माळ्यावर ठेवली नाही, आणि उशाशीही ठेवली नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे ठेवली.

नवऱ्याशी माझं कधी मोठं भांडण झालं नव्हतं. तो मारत नव्हता, पीत नव्हता. तो बोलायचा बंद व्हायचा. काहून बोलत नाहीस विचारलं तर ताटावरून उठून जायचा, आणि मग महिना महिना घरात माझ्या एकटीच्याच आवाजाची मला लाज वाटायची. पाच वर्षांत मूल झालं नाही. एकदा आईच्या आजारपणासाठी म्हणून हिंगोलीला आले ती परत गेलेच नाही. त्यानं कोर्टात सोडचिठ्ठीचा दावा टाकला. चार-पाच तारखांना दोघं गेलो, बाकड्याच्या दोन टोकांना बसलो. मग तो यायचा बंद झाला, मग मी. कुणीतरी सांगितलं की दावा निघाला. मी धरून चालले की झालं, सुटलो. निघाला म्हणजे कुणी हजर नाही म्हणून काढून टाकला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आणखी एक सांगायला हवं. खोली भाड्यानं घेताना मालकीणबाईंनी विचारलं होतं, "मिस्टर?" मी म्हणाले, "नाहीत." त्यांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. सतरा वर्षं मला त्या घरात हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. तेच सोयीचं होतं.

हरकतीचा अर्ज टाईप करून दिला आणि गुरुवारी सकाळी मी गाडीत बसले. वकिलाकडे जायच्या आधी नवऱ्याला एकदा समोरून विचारायचं होतं. औंढ्याला उतरून सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला जाणारी काळीपिवळी जीप धरली. गाव धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्यावर आहे. फाट्यावर उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. दोन्हीकडे हळद कमरेच्या वर आलेली, वारा नाही, पान हलत नाही. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता. एकोणीस वर्षांनी त्या रस्त्यावरून चालताना मला माझ्याच चपलांचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

गावात शिरताना किराणा दुकान लागतं. दुकानदार माझ्या वेळचाच, आता पार म्हातारा झालेला. तो साखर तोलत होता. त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि तागडी हळूच खाली ठेवली. मी म्हणाले, "ओळखलं का काका?" त्यानं डोळे मिटून हात जोडले. घरातल्या माणसाला आपण असे हात जोडत नाही, फोटोला जोडतो.

नवऱ्याचं घर होतं तिथंच होतं, एका खोलीवर नवीन स्लॅब पडला होता. दार उघडं. आतून पुरणाचा, कढीचा, तळलेल्या वड्यांचा वास येत होता. मी उंबऱ्यात उभी राहिले. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं आधी काही दिसेना. मग भिंत दिसली. सासऱ्यांचा फोटो, सासूबाईंचा फोटो, आणि तिसरा माझा.

लग्नातल्या फोटोतून मला एकटीला कापून काढलं होतं. कडेला दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्याचा तुकडा राहिला होता. काचेवर कुंकू लावलेलं, ताजा झेंडूचा हार. खाली पाटावर हिरव्या बांगड्या, खण, नारळ. समोर केळीचं पान वाढलेलं, आणि पानावर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी नुकतीच जेवायला बसलेली. मी कॅलेंडर बघून निघाले नव्हते. पितृपक्ष चालू आहे एवढं ध्यानात होतं, पण त्या दिवशी अविधवा नवमी आहे हे मला ते पान बघून कळलं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा तो दिवस. त्यांच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात.

म्हातारी शेजारची होती. लग्नानंतर तिनंच मला पहिल्यांदा कालव्यावर धुणं धुवायला नेलं होतं. तिनं आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे. पायांकडे खूप वेळ बघत राहिली. पावलं सरळ आहेत याची खात्री झाली तरी तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. घास न घेता ती उठली आणि भिंतीला पाठ घासत, माझ्यापासून अंग चोरून, दाराबाहेर निघून गेली.

आतल्या खोलीतून एक बाई कढीचं पातेलं घेऊन आली. चाळिशीची, काटकुळी, कपाळावर घाम. माझ्या नवऱ्यानं दुसरी केल्याचं मला उडत उडत कळलं होतं, ती हीच असणार. तिनं पातेलं खाली ठेवलं. ओरडली नाही, दचकली नाही.

"आल्या व्हय," ती म्हणाली. जेवायला उशिरा आलेल्या माणसाला म्हणावं तसं. "बसा. उन्हाच्या आल्या."

तिनं तांब्याभर पाणी दिलं. मी पीत असताना ती माझ्या गळ्याकडे बघत होती. पाणी खाली उतरतंय का, ते बघत होती.

"मी मेलेली नाही," मी म्हणाले.

"ते दिसून राहिलं."

ती माझ्यासमोर टेकली. मग ती म्हणाली, "मला सांगितलं होतं, तुमी तापानं गेल्या. माझ्या बापाला बी तसंच सांगितलं. बिजवर म्हणूनच दिलं मला." तिनं पोलक्याच्या गळ्यात बोट घालून काळा दोरा बाहेर काढला. दोऱ्याला चांदीचा नखाएवढा टाक होता, त्यावर उभी बाई ठोकलेली. तिला नाकडोळे नव्हते, नुसता पदर आणि हात. "ह्या तुमी. लग्नाच्या दिवशी आईनं घातला. सवतीचा टाक घालावा लागतो, मंग ती तरास देत न्हाई. पंधरा वर्सं न्हाताना बी काढला न्हाई."

मी तो टाक हातात घेतला नाही. तिनंही पुढं केला नाही.

"आणि तुमी तरास दिला बी न्हाई," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तुमी येता. दुपारच्याला, घरात कोनी नसलं का. मागच्या दाराची कडी वाजती. मंग उंबऱ्यावर बसता, इकडं पाठ करून. पोरगी लहान होती तवा रडायची अन् तुमी आल्या का गप व्हायची. मी म्हणायची, बसा बाई, तुमचंच घर हाय. अशाच बसता, हात धरून."

"हात कसा?"

"आता धरला हाय तसा."

मी खाली पाहिलं. मी उजव्या हातानं डावं मनगट धरून बसले होते. स्कूटीवरून पडून माझं ते मनगट मोडलं होतं, तेव्हापासून जीव घाबरला की मी ते धरते. मला वाटलं, हिनं आत्ता माझ्याकडे बघून हे जोडलं असेल. माणूस जोडतं असं, मुद्दाम नाही, आपोआप. म्हणून मी विचारलं, "हे कधीपासून?"

"पोरीच्या येळंस दिवस गेले तवापासून."

तिची मुलगी तेरा वर्षांची होती. माझा हात मोडून नऊ वर्षं झाली होती. मी मनातल्या मनात तो हिशेब दोनदा करून पाहिला आणि मग सोडून दिलं. तिला काही सांगितलं नाही.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. माझा नवरा आला. केस पांढरे झाले होते, खांदे पडले होते. दारातल्या माझ्या चपला पाहून तो पायरीवरच थांबला. दुकानदारानं किंवा म्हातारीनं त्याला वाटेत सांगितलं असणार, कारण त्यानं आत डोकावून पाहिलं नाही. पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून.

मी आतूनच विचारलं, "मला कशासाठी मारलंस?"

बराच वेळ तो बोलला नाही. मला वाटलं, हा आता महिनाभर बोलणार नाही. मग बोलला.

"तारखा बंद पडल्या. मला वाटलं झालं मोकळं. मंग ही सोयरीक आली तवा वकील म्हणला, तसं न्हाई, तू अजून बांधलेला हाईस. आता हिच्या बापाला काय सांगू? बायको जिती हाय अन् कागद अर्धा हाय, असं म्हणलं तं पोरगी कोन देणार? म्हणलो, गेली."

"आणि हे पान? दर वर्षी?"

"एकदा म्हणल्यावर सगळं करावं लागतं."

"आणि प्लॉट?"

"पोरीला हिंगोलीला शिकाया ठेवायचं हाय. एक दलाल भेटला. म्हणला, बाई गेलीच हाय तं दाखला काढून देतो." त्यानं पायातली चप्पल सारखी केली. "मी बी मंग तेच धरलं. इतकी वर्सं म्हणत आलो तं मला बी तसंच वाटाया लागलं होतं. खरंच. कालव्यावरून येताना कधी कधी वाटायचं, ताप आला तवा आपण दवाखान्यात न्यायला पायजे होतं."

त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

त्याच्या बायकोनं मला हळूच विचारलं, "पान वाढलेलं हाय. म्हातारी तं गेली. आता हे कोन जेवणार?"

मी पाटावर बसले. का बसले ते आजही मला नीट सांगता येत नाही. भूक लागली होती हेही खरं आहे. कढी अगदी माझ्या सासूबाईंसारखी होती, तिला कुणी शिकवली असेल कुणास ठाऊक, सासूबाई तर ती येण्याआधीच गेल्या होत्या. समोर भिंतीवर माझा बावीस वर्षांचा चेहरा हसत होता. मी खाली मान घालून जेवले. ती वाढत होती. एकदा तिनं वाढता वाढता फोटोकडे पाहून नमस्कार केला, सवयीनं, आणि मग माझ्याकडे पाहून ओशाळली.

जेवण झाल्यावर खण-नारळाचं काय करावं असा तिला प्रश्न पडला. ओटी सवाष्णीची भरतात. तिनं दारातल्या त्याच्या पाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नवरा जिवंत, सोडचिठ्ठी झालेली नाही. दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. तिनं माझी ओटी भरली.

हिंगोलीला आल्यावर मात्र मला राग आला. इतका की दोन दिवस लॅबमध्ये सुई धरताना हात घट्ट होत होता. वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात सगळं आहे. खोटा दाखला आहे, बायको हयात असताना दुसरं लग्न आहे. पोटगी मागा, गावच्या घरात राहायचा हक्क मागा. ती बाई कायद्यानं कुणीच नाही. मुलीला बापाकडचं मिळेल, तिला काही नाही."

मी म्हणाले, "करा सगळं." नोटीस गेली.

नोटिशीचं उत्तर माझ्या पत्त्यावर आलं तेव्हा पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं मालकीणबाईंनी वाचलं. "अहो, तुमचे मिस्टर तर..." त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "आहेत." त्या दिवशी त्या माझ्याशी दाराआडूनच बोलल्या. नंतरही कितीतरी दिवस त्या नवऱ्याबद्दल बोलताना "होते" म्हणायच्या आणि मग अडखळायच्या.

आठ-दहा दिवसांनी लॅब उघडतानाच ती बाई बाकावर येऊन बसलेली दिसली. सोबत मुलगी. मुलीचं हिमोग्लोबिन बघायचं होतं, पण ते औंढ्यालाही बघता आलं असतं. मुलीचं रक्त घेतलं. मग आईनं स्वतःचा हात पुढं केला. "माझं बी बघा. चक्कर येऊन राहिली."

मी पट्टा बांधला. शीर लगेच सापडेना. इतक्या वर्षांत क्वचितच मला दुसऱ्यांदा टोचावं लागलं आहे, तिला टोचावं लागलं. ती हलली नाही.

"वकील म्हणून राहिला, मी कोनीच न्हाई," ती म्हणाली. "तुमी काय करणार हाव?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटणार? मी तुमच्या नावानं पंधरा वर्सं उपास केला. तुमी चांगल्या हाव असंच धरून केला."

मुलगी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. माझ्याकडे ती जास्त वेळ बघायची, ओळखीचं माणूस प्रत्यक्षात पहिल्यांदा दिसावं तसं. ती ज्या भिंतीखाली अभ्यास करायची त्या भिंतीवर मी होते.

मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. दुपारच्या डब्याच्या वेळीच वकीलबाईंना फोन केला. सांगितलं, प्लॉट माझा एकटीचा पाहिजे. गावचं काही नको, घर नको, शेत नको, पोटगी नको. सोडचिठ्ठी मात्र पूर्ण पाहिजे, कोर्टाच्या शिक्क्याची. आणि क्रम असा, की आधी तो प्लॉटवरचा हक्क सोडेल, मग मी सोडचिठ्ठीच्या अर्जावर सही करेन. वकीलबाईंना ते फारसं पटलं नाही, पण क्रम पटला.

तलाठ्यांकडच्या हरकतीची सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढं झाली. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "या बाई तुमच्या पत्नी आहेत आणि हयात आहेत, असं तुमचं म्हणणं आहे का?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हय. जित्या हाईत."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. वारसाचा अर्ज फेटाळला गेला. दलालाचा फोन बंद लागत होता. मृत्यूचा दाखला रद्द व्हायला मात्र फार वेळ लागला. मधल्या काळात मला एकदा मतदार यादीत माझं नाव नाही असं कळलं, एकदा रेशन दुकानात अंगठा उमटेना. त्या यंत्रावर अंगठा बऱ्याच जणांचा उमटत नाही. तरी मी घरी येऊन माझी बोटं दिव्याखाली धरून पाहिली.

हक्कसोडपत्राच्या दिवशी निबंधकाच्या ऑफिसात आम्हा दोघांचा कॅमेऱ्यावर फोटो काढला. पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी आले. लग्नानंतर आमचा एकत्र फोटो तोच. ऑपरेटर म्हणाला, "बाई, डोळे मिटले तुमचे, पुन्हा काढू." पुन्हा काढला, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा जमलं. पुढं कोर्टात संमतीचा अर्ज गेला, तारखा पडल्या, यावेळी दोघंही प्रत्येक तारखेला हजर राहिलो. न्यायाधीशांनी विचारलं, किती वर्षं वेगळे राहता? त्यानं एकोणीस सांगितली, मी वीस. मधल्या काळात एक वर्ष वाढलं होतं, ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

दोन खोल्या बांधून झाल्या तोवर हुकूमनामा हातात आला. तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, त्याचं आणि त्या बाईचं आधीचं लग्न कायद्यानं धरता येणार नाही, त्यांना नव्यानं करावं लागेल. त्यांनी गावच्या मारुतीपुढं सकाळी सकाळी एकमेकांना हार घातले आणि नोंदणीसाठी हिंगोलीला आले. तीन साक्षीदार लागतात. एक तिचा भाऊ, एक किराणा दुकानदाराचा मुलगा. तिसरा येतो म्हणाला होता, तो आलाच नाही. तिनं मला फोन केला.

मी लॅबचा कोट काढून गेले. कारकुनानं माझं आधार पाहिलं, फॉर्म भरला, आणि विचारलं, "वधूशी नातं?"

मी फॉर्मकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"मोठी बहीण," ती म्हणाली.

मी सही केली. काम झाल्यावर तो गाडी काढायला गेला आणि आम्ही दोघी पायऱ्यांवर उभ्या राहिलो. ऊन डोक्यावर आलं होतं. ती नवी साडी नेसली होती, गळ्यात काळ्या मण्यांसोबत तो काळा दोरा अजून होता. तिच्या ध्यानात आलं की मी तिकडं बघतेय.

"काढून बघितला," ती म्हणाली. "चार दिवस काढला. पण कडी तशीच वाजती. येती ती."

"कोण?"

"तेच म्हणते मी. तुमी तं इथं हाव. तवा इथंच व्हत्या. मंग माझ्या उंबऱ्यावर कोन येऊन बसती?"

मी विचारलं, "भीती वाटती?"

"भीती कशाची? सवय झाली. सोबत वाटती उलट." तिनं पदर सारखा केला. "पण आता नवमी आली. तुमी जित्या हाव म्हणल्यावर तिला जेवू कोणत्या नात्यानं घालू, एवढं सांगा."

खालून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. मी तिला म्हणाले, "नातं नको लावू. नुसतं वाढत जा."

"बरं," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून त्याच्या मागं जाऊन बसली.